गुपित, पेटंट आणि बांधावरची विद्या

भारताच्या बाविसाव्या विधि आयोगानें व्यापारी गुपितें आणि आर्थिक हेरगिरी या विषयावरील आपला २८९ वा अहवाल मार्च २०२४ मध्यें सरकारास सादर केला. अशा अहवालाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, कोणती विद्या लपवावी, कोणती सांगावी, आणि एकदां सांगितलेली विद्या कोणाची समजावी, हा प्रश्न वकिलांकडे जाण्यापूर्वीं पुष्कळ पिढ्या आमच्या घरांतच नांदत होता. वैद्याच्या घराण्यांत मात्रेचें प्रमाण बापाकडून मुलाकडे कानांतल्या कानांत जाई. गवयाच्या घरीं वर्षानुवर्षें पाणी भरणाऱ्या शागिर्दास अस्ताई मिळे, पण अंतरा मिळेलच असा नेम नसे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं अशा दडवलेल्या चिजा हिंडून हिंडून गोळा केल्या व स्वरलिपीसह छापून टाकल्या, तें पुष्कळ घराणेदार उस्तादांना रुचलें नाहीं. आज त्याच पुस्तकांवरून मध्यमवर्गीय घरांतील मुली यमन शिकतात. 'हातचें राखून शिकवणें' हा प्रयोग ज्या भाषेंत रूढ आहे, तिच्या वाचकांस व्यापारी गुपित म्हणजे काय, हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

हा अहवाल आम्हीं वाचला तो कवठे महांकाळ येथें, द्राक्षांचा हंगाम उतरणीस लागला असतां. आणि स्थळाचा परिणाम वाचनावर झाला हें आधींच कबूल करतों. सांगली जिल्ह्याच्या पूर्व अंगाचा हा तालुका जुना अवर्षणाचा. अग्रणी नदीचें पात्र वर्षांतील बराच काळ वाळूनेंच भरलेलें असे. म्हैसाळ योजनेचें पाणी चढून आलें तेव्हां कोठें बागांना दम आला. परंतु ज्या कोरड्या हवेनें या मुलखाला पिढ्यान् पिढ्या छळलें, तीच हवा बेदाण्याला मानवली. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या द्रावणांत घड बुडवावयाचे, शेडमधील जाळ्यांवर पसरावयाचे, आणि वाऱ्याच्या हवालीं करावयाचे. कृति ऐकावयास सोपी आहे. मूळची ती ऑस्ट्रेलियाकडील पद्धति आणि छापील पुस्तकांत तिचीं प्रमाणेंही आहेत. पण ढगाळ दिवशीं घड किती वेळ बुडवावा, कोणत्या वाऱ्याला शेडची कोणती बाजू झांकावी, रंग पिंवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी केव्हां द्यावी, हें पुस्तकांत नाहीं. तें शेजाऱ्यास विचारावें लागतें. शेजारी बहुधा सांगतो. एखादा हसून विषय बदलतो. दोघांनाही गांवांत कोणी वाईट म्हणत नाहीं.

अहवालाची मांडणी स्वच्छ आहे. व्यापारी गुपितांकरितां आपल्या देशांत स्वतंत्र कायदा नव्हता. करारभंग आणि विश्वासभंग या दोन जुन्या तत्त्वांच्या आधारें न्यायालयें निभावून नेत आलीं. आयोगानें स्वतंत्र कायदा सुचविला; गैरप्रकार उघडकीस आणणाऱ्याचें संरक्षण, सक्तीचा परवाना, सरकारी उपयोग आणि सार्वजनिक हित हे अपवाद त्यांत असावे असें म्हटलें; आणि आर्थिक हेरगिरीचा विषय दुसऱ्या कायद्याकडे सोपविला. ही विभागणी आम्हांस शहाणपणाची वाटते. अधिक पगारासाठीं कारखाना बदलणारा कारागीर आणि परराष्ट्राला माहिती विकणारा हेर यांस एकाच दावणीला बांधणें अन्यायाचें झालें असतें.

व्याख्येचा पाया मात्र बाहेरून आलेला आहे. १९९५ च्या आरंभापासून अमलांत आलेल्या ट्रिप्स कराराच्या ३९ व्या कलमांत गुपिताच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. माहिती त्या धंद्यांतील लोकांस सर्वसाधारणपणें ठाऊक नसावी. ती ठाऊक नाहीं म्हणूनच तिला व्यापारी मोल असावें. आणि ती गुप्त राहावी यासाठीं तिच्या धन्यानें परिस्थितीनुसार वाजवी खबरदारी घेतलेली असावी. पहिल्या दोन कसोट्यांवर आमचा आक्षेप नाहीं. तिसरीपाशीं आम्ही थबकलों. वाजवी खबरदारी म्हणजे करारपत्रें, कुलुपें, नोंदी, वकील. म्हणजेच जिच्यापाशीं हीं सर्व साधनें आहेत, त्या संस्थेची माहिती गुपित ठरणार. ज्याच्यापाशीं बांध आहे आणि बांधापलीकडे शेजारी आहे, त्याची माहिती मूल्यवान असूनही उघडी ठरणार. कायदा येथें विद्येची किंमत करीत नाहीं, तिच्या कुंपणाची करतो.

कारखान्याच्या बाबतींत या कसोटीचें काम बरें चालतें. आपल्याच प्रांतांतील एक खटला या विषयाच्या प्रत्येक ग्रंथांत आढळतो. कल्याण येथें सेंच्युरी कंपनीच्या कारखान्यांत टायरसाठीं लागणारा दोरा काढण्याची विद्या परदेशी कंपन्यांकडून, ती गुप्त राखण्याच्या अटीवर, आणलेली होती. तेथील एका पाळी-पर्यवेक्षकानें पांच वर्षांचा करार मध्येंच सोडून राजस्थानांत कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यांत नोकरी धरली. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं कराराच्या मुदतीपुरती मनाई कायम केली. करार-कायद्याचें २७ वें कलम माणसाच्या उपजीविकेच्या आड येणारी बंदी निरर्थक ठरवितें. तरी नोकरी चालू असतांच्या मुदतीचें बंधन निराळें, असा विवेक न्यायालयानें केला. निकाल योग्यच होता. विद्या कोणाकडून आली, पैसे कोणीं मोजले, कोणाला शिकवली, हें सारें कागदावर होतें. द्राक्षाच्या बागेंत असा कागद नसतो.

येथें शब्दाविषयींची एक गंमत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. आमच्या मासिकांच्या जुन्या अंकांच्या मलपृष्ठांवर 'पेटंट औषधांच्या' जाहिराती असत, आणि वाचक पेटंट याचा अर्थ 'ज्याचें घटक कोणास ठाऊक नाहींत असें' इतकाच घेत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ याच्या नेमका उलट, म्हणजे 'उघडें असणें', असा आहे. राजानें सर्वांस वाचतां येईल असें उघडें पत्र द्यावें, तें पेटंट. आपल्याकडे पेटंटाचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला आणि त्याखालीं पहिला अर्ज कलकत्त्याच्या एका गृहस्थानें पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं केला. तेव्हांपासून सौदा एकच आहे. शोधकानें आपली कृति जगास पूर्ण सांगावी. त्याबदल्यांत सरकारनें ठराविक मुदतीचा, हल्लीं वीस वर्षांचा, एकाधिकार द्यावा. मुदत संपतांच ती विद्या सर्वांची. गुपिताला हा सौदा लागू नाहीं. तें कांहीं सांगत नाहीं आणि त्याला मुदतही नाहीं. दोहोंत निवड करावयाची झाल्यास आमचा कौल पेटंटाकडे आहे, कारण त्यांत समाजाच्या पदरांत शेवटीं कांहीं पडतें.

परंतु पेटंट नाहीं आणि गुपितही नाहीं, असें तिसरें एक विस्तीर्ण क्षेत्र आहे. ज्या विद्या सर्वांस ठाऊक आहेत म्हणूनच कोणी लिहून ठेवल्या नाहींत, त्यांचें हें क्षेत्र. आणि तेथें काय घडतें हें हळदीनें व कडुनिंबानें दाखवून दिलें आहे.

हळदीची कथा वाचकांस ऐकून ठाऊक असेल, पण तिच्यांतील कायद्याचा काटा बहुधा सांगितला जात नाहीं. मार्च १९९५ मध्यें अमेरिकेनें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, हळदीनें जखम भरून आणण्याच्या उपयोगाचें पेटंट दिलें. शोधक म्हणून ज्यांचीं नांवें होतीं ते दोघेही भारतीय वंशाचे. लहानपणीं त्यांच्या ढोपरावर कोणीं हळद दाबली होती कीं नाहीं, तें तेच जाणोत. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें (गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हां तिचे महासंचालक होते) १९९६ सालीं फेरतपासणी मागितली, आणि १९९७ मध्यें पेटंटाचे सर्व दावे फेटाळले गेले. परंतु पुरावा कशाचा दिला? सांगलीच्या बाजारांत, जेथें हळदीचे सौदे चालतात आणि जवळच हरिपूर येथें जमिनींतील पेवांत (२००५ च्या महापुरानें त्यांतील बरींच पेवें निकामी होईपर्यंत) हळद साठवीत, तेथें कोणासही विचारलें असतें तर उत्तर मिळालें असतें. तें उत्तर अमेरिकेंत चाललें नसतें. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यांत परदेशांतील ज्ञान तें छापलेलें अथवा पेटंट झालेलें असेल तरच मोजलें जाई; परदेशांतील केवळ वापर, मग तो हजार वर्षांचा असो, नाविन्याला बाधक नव्हता. म्हणून परिषदेनें बत्तीस लेखी आधार सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू मजकूर होता आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांतील १९५३ सालचा एक लेखही होता. हळद सुटली ती आजीच्या हातगुणानें नव्हे, छापखान्याच्या शाईनें सुटली. अमेरिकेनें तो भेद २०११ च्या कायद्यानें काढला व तो बदल २०१३ पासून लागू झाला. त्याबद्दल तिला श्रेय दिलें पाहिजे.

कडुनिंबाचा मामला तर थेट आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेचें शेतकी खातें यांस युरोपीय पेटंट कचेरीनें १९९४ सालीं कडुनिंबाच्या तेलानें पिकांवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचें पेटंट दिलें. त्यावर वंदना शिवा, युरोपीय संसदेंतील हरित पक्षाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनीं हरकत घेतली. मे २००० मध्यें म्यूनिक येथें सुनावणी झाली. तेथें एका महाराष्ट्रीय उद्योजकानें साक्ष दिली कीं, १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणें आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशा अर्काचे प्रयोग शेतकऱ्यांदेखत झाले होते. साक्ष मानली गेली व पेटंट रद्द झालें. त्यावरील अपील मार्च २००५ मध्यें फेटाळलें गेलें. युरोपच्या कायद्यांत जगाच्या कोणत्याही कोपऱ्यांतला उघड वापर मोजला जातो, म्हणून हें शक्य झालें. सांगली जिल्ह्यांतील शेतांत कोणी कांहीं फवारलें आणि चार माणसांनीं पाहिलें, हा प्रसंग म्यूनिकच्या न्यायासनापुढें प्रमाण ठरला, याचें आम्हांस अजूनही नवल वाटतें. त्यांतला एक शब्द मात्र कोणीं नजरेआड करूं नये: 'देखत'. तेच प्रयोग बंद दारामागें झाले असते, तर साक्षीला अर्थ राहिला नसता.

या दोन विजयांतून सरकारनें जो धडा घेतला, त्यांत आम्हांस एक विसंगति दिसते. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचें अंकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ झाला. आयुर्वेदादि ग्रंथांतील कृति इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत नोंदविल्या गेल्या. काम मोठें आणि उपयोगाचें झालें, परदेशी पेटंट-परीक्षकांस तें पाहावयास मिळूं लागल्यावर कित्येक अर्ज मागें घेतले गेले. पण तें ग्रंथालय वाचकांना बंद! परीक्षकांनाही गुप्ततेचा करार करूनच आंत जातां येई. छापील ग्रंथांतून उतरून घेतलेली विद्या, आणि तिच्यावर पुन्हां कुलूप. तेंही ती सर्वांची आहे हें सिद्ध करण्याकरितां. ऑगस्ट २०२२ मध्यें मंत्रिमंडळानें पेटंट कचेऱ्यांपलीकडे इतरांसही प्रवेश देण्याचें ठरविलें, तें योग्य झालें. शिवाय ग्रंथांत नसलेल्या विद्येची उणीव त्या ग्रंथालयानें भरून निघणारी नव्हतीच. बेदाण्याच्या शेडमधील वाऱ्याचें ज्ञान कोणत्या संहितेंत सांपडणार?

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद आम्ही दडवूं इच्छीत नाहीं. उघडें केलें म्हणजे लुटीस आमंत्रण, असें कांहीं विद्वान म्हणतात. छापलेल्या विद्येवर दुसऱ्यास पेटंट मिळत नाहीं हें खरें, पण तिच्यावरून पुढची पायरी बांधून पैसा करणाऱ्यानें मूळ धन्यास एक रुपयाही देण्याचें कारण उरत नाहीं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें लाभांत वाटा देण्याचें तत्त्व आणलें आणि गांवोगांव लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली. या कल्पनेमागें माधव गाडगीळ यांचें दीर्घ काम आहे. वह्या पुष्कळ ठिकाणीं घाईनें, ठेकेदारी पद्धतीनें भरल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी. नोंदवही उघडी ठेवावी कीं झांकावी, या प्रश्नावर आमचें उत्तर सर्वस्वीं पुरतें आहे असा आमचा दावा नाहीं. औषधी मुळीची जागा जाहीर केली कीं दुसऱ्या वर्षीं मुळीच उरत नाहीं, हें आम्हांस दिसतें. शेतीच्या कृतीला मात्र तें लागू नाहीं. ती वाटल्यानें उपटली जात नाहीं.

द्राक्षाचाच इतिहास पाहावा. थॉम्सन सीडलेस ही जात बाहेरून आली. तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं तिच्यांतून निवड करून तास-ए-गणेश काढली. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं सोनाका दिली. पिकांच्या जातींवर हक्क नोंदविण्याचा कायदा त्या काळीं नव्हता. काडी एका बागेंतून दुसऱ्या बागेंत गेली आणि ज्याला आज सांगलीचा बेदाणा म्हणतात त्याचा पाया घातला गेला. २०१६ सालीं या बेदाण्यास भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली, २०१८ सालीं हळदीसही मिळाली. ती नोंद नांवाचें रक्षण करते, कृतीचें करीत नाहीं. तेवढें पुरे आहे असें आमचें मत. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यानेंही शेतकऱ्याचा बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व, संरक्षित जातीचें असल्यास नाममुद्रा न लावतां, विकण्याचा हक्क शाबूत ठेवला. म्हणजे आमच्या विधिमंडळानें एकदां तरी शेतकऱ्यास केवळ गिऱ्हाईक न समजतां विद्येचा कर्ता समजलें होतें.

अहवाल वाचतांना आमच्या मनांत जी भीति राहून राहून येत होती, ती येथून उठते. आमचे एक स्नेही कवठे महांकाळजवळ द्राक्षें करतात. तीन वर्षें एका सल्लागार कंपनीचा माणूस त्यांच्या बागेंत येई. छाटणी कोणत्या दिवशीं केली, दंव किती पडलें, भुरी कोठें दिसली, कशानें गेली, सारें तो विचारून यंत्रांत टिपून घेई. हे गृहस्थही चहा पाजून सांगत. चौथ्या वर्षीं कंपनीनें फवारणीचें वेळापत्रक फी घेऊन देऊं केलें व त्याबरोबर एक कागद सहीला पाठविला: वेळापत्रक कंपनीचें व्यापारी गुपित आहे, तें तिसऱ्या माणसास दाखवूं नये. 'मास्तर,' ते आम्हांस म्हणाले, 'माझ्याच बागंचं मलाच गुपित झालंय बघा. आता भावानं इचारलं तर काय सांगू?'

कंपनी लबाड होती असें आम्ही म्हणत नाहीं. शेंकडों बागांच्या नोंदी एकत्र करून त्यांतून कांहीं नियम काढणें हें श्रमाचें व बुद्धीचें काम आहे आणि त्या श्रमास मोल मिळालें पाहिजे. पण ३९ व्या कलमाच्या तीन कसोट्या या कागदाला लावून पाहाव्या. एकत्र केलेल्या स्वरूपांत ती माहिती इतरांस ठाऊक नाहीं. तिला मोल आहे. आणि सही मागितली म्हणजे वाजवी खबरदारीही झाली. कंपनी तिन्ही कसोट्यांस उतरते. ज्याच्या तोंडून माहिती निघाली तो एकीसही उतरत नाहीं, कारण त्यानें ती चहाबरोबर सांगितली. कारखान्यांत ज्या कायद्यानें न्याय झाला, तोच बांधावर आला कीं देणाऱ्याचे हात बांधतो आणि घेणाऱ्याचे मोकळे ठेवतो. सार्वजनिक हिताचा अपवाद आहे खरा. पण चारशें वेलींची बाग असलेला मनुष्य तो अपवाद सिद्ध करण्यास न्यायालयांत केव्हां जाणार, आणि तोंवर छाटणी कोण थांबवणार?

म्हणून आयोगानें सुचविलेला कायदा ज्या दिवशीं संसदेपुढें विचारास येईल, त्या दिवशीं त्यांत दोन वाक्यें अधिक असावीं असें आम्हांस वाटतें. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याच्याविरुद्ध, ती त्याच्याच माहितीपुरती, गुपित म्हणून चालवितां येऊं नये. आणि शेतांत वा कारागिराच्या ओट्यावर उघडपणें चालत आलेली कृति, ती कोणीं लिहिली नाहीं एवढ्यावरून, अज्ञात समजली जाऊं नये. म्यूनिकला जें मानलें गेलें, तें दिल्लीस अशक्य कां असावें?

आमच्या स्नेह्यांनीं त्या कागदावर सही केली नाहीं. कडुनिंबाच्या साक्षीची हकीकत आम्हीं त्यांस सांगितली होती, तिचा परिणाम म्हणा किंवा मूळचा हट्ट म्हणा, त्यांनीं दोनशेंपानी वही आणून स्वतःच नोंदी ठेवण्यास आरंभ केला. गेल्या छाटणीपासूनची वही आम्हीं चाळली. तारीख, हवा, फवारणी, परिणाम असे रकाने पट्टीनें आंखले आहेत, आणि अगदीं उजवीकडे पांचवा रकाना आहे, त्याला त्यांनीं शीर्षक दिलें आहे: 'कोणाला सांगितलं'. आम्हीं पाहिलें त्या पानावर तेथें चार नांवें होतीं, आणि त्यांतील दोघांनीं पुढें आपल्या सह्याही केल्या होत्या.